अर्धशिशी आणि तातडीचा उपचार



मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. तरीही आज अर्धशिशीविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण माझ्या हातून झालेली चूक आपणांपैकी कोणाकडून होऊ नये, ही इच्छा आहे.

माझ्या पत्नीचे डोके अनेक वर्षे दुखत असे. ‘पित्त झाले असेल, बाम लाव,’ असे सांगून मी दुकानात निघून जाई. एका रात्री तिच्या उलट्या थांबेनात, दिव्याचा उजेडही सहन होईना. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात डॉक्टरांनी विचारले, “महिन्यातून किती दिवस गोळी घेता?” मीटरमीटरचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीच म्हणाली, “वीस-बावीस दिवस.” साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशा कित्येक महिने घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडते, हे मला तेव्हा कळले.

तेथे प्रथम पाहतात ते दुखणे अर्धशिशीचेच आहे की अन्य कशाचे. क्षणार्धात शिगेला पोहोचलेली वेदना, ताप व ताठलेली मान, अडखळणारी वाचा, हातापायांतील अशक्तपणा, डोक्याला लागलेला मार किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली डोकेदुखी असल्यास घरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अर्धशिशीच असल्यास, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नाही, म्हणून औषध शिरेवाटे देतात. मेटोक्लोप्रमाइड व प्रोक्लोरपेराझिन ही मळमळीवरची औषधे वेदनाही शमवितात. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन त्वचेखाली देतात. मात्र हृदयविकार असल्यास ते वर्ज्य असते. डेक्सामेथासोनमुळे दुखणे परतण्याची शक्यता घटते. मॉर्फिनसारखी औषधे शक्यतो टाळावीत, असे अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१६ साली सुचविले. म्हणून ‘जोरदार इंजेक्शन द्या,’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये. त्यापेक्षा घेतलेल्या गोळ्यांची नावे व पूर्वीचे आजार अचूक सांगावेत.

पहाटे तिला शांत झोप लागली. त्या दिवसापासून आमच्या घरी एक लहानशी वही आहे. दुखण्याचा दिवस, जागरण, उपवास, घेतलेली गोळी, सारे त्यात टिपले जाते. ती वही पाहूनच डॉक्टरांनी पुढील प्रतिबंधक उपचार ठरविले.

बंधूंनो, दुकानाच्या खातेवहीइतकेच लक्ष घरातील माणसाच्या वेदनेकडे द्यावे, एवढीच नम्र विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.