तेल आधी भरावे लागते

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला की पहिल्याच रविवारी अनेक चर्चमंदिरांत येशूची जागे राहण्याची आज्ञा वाचली जाते, आणि ती ऐकताना पुष्कळांच्या मनात भीती दाटते. जगाचा शेवट जवळ आला, तारखा मोजा, आभाळाकडे डोळे लावून बसा, असा तिचा अर्थ घेतला जातो. या समजुतीने मंडळीचे फार नुकसान केले आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या पुनरागमनाचा दिवस मानला. काहींनी तर उभी पिके शेतातच सोडून दिली. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला आणि कित्येकांचा विश्वास खचला. वास्तविक तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हे येशूनेच सांगून ठेवले होते. मग तारीख न सांगता दिलेली ही आज्ञा, घर, नोकरी आणि शेती सांभाळणाऱ्या माणसाकडून नेमके काय मागते?

मार्कच्या शुभवर्तमानात याचे उत्तर सापडते. तेराव्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो की घरधनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की पहाटे, हे आधी कळणार नाही. रोमी रीतीने रात्रीचे हे चार प्रहर. आता पुढचे दोन अध्याय याच क्रमाने वाचून पाहा. संध्याकाळी शेवटचे भोजन होते आणि विश्वासघाताची गोष्ट निघते. रात्री गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब आणि योहान झोपी जातात. कोंबडा आरवण्याच्या वेळी पेत्र आपल्या गुरूला नाकारतो आणि पहाटे येशूला बांधून पिलाताच्या हवाली करतात. चारही प्रहर येऊन गेले आणि शिष्य एकाही प्रहरी तयार नव्हते. पेत्र भित्रा नव्हता. त्याच रात्री त्याने तलवार उपसली होती, असे योहान लिहितो. तो पडला तो प्रमुख याजकाच्या अंगणात, शेकोटीपाशी ऊब घेत असताना, एका दासीच्या साध्या बोलण्यावर. मोठ्या संकटासाठी आपण कंबर कसतो. मोह मात्र बिलातला आकडा लिहिताना, शेजाऱ्याविषयी बोलताना, फोनवर आलेला विखारी मजकूर पुढे पाठवताना येतो, आणि तेव्हा आपली परीक्षा चालू आहे हे आपल्या ध्यानीही नसते.

यावर कोणी म्हणेल, मग काय माणसाने चोवीस तास ताणलेल्या मनाने जगायचे? मत्तयाने दिलेला दहा कुमारींचा दाखला मला इथे फार मोलाचा वाटतो, आणि त्यातली एक गोष्ट प्रवचनांतून बहुधा निसटते. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली. शहाण्या पाच जणीही झोपल्या, आणि त्याबद्दल त्यांना कोणी दोष दिला नाही. बाहेर राहिल्या त्या पाच जणींनी तेल आधी घेतले नव्हते, एवढाच फरक. थकवा हा देहाचा धर्म आहे, हे येशूने गेथशेमानेतही शिष्यांच्या बाजूने बोलून दाखवले होते. त्यामुळे जागे राहणे म्हणजे झोप उडवणारी काळजी असे मला वाटत नाही. आणीबाणीच्या क्षणी विचार करायला अवधी नसतो. तेव्हा हात पुढे होतो तो आधीच्या साध्या दिवसांत लागलेल्या सवयीने. जागृतीचे खरे काम त्या साध्या दिवसांत चालते.

तेल भरण्याच्या रीती चर्चच्या परंपरेत आहेत. इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोपची मान्यता मिळाली ती १५४८ साली. त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत, आणि पहिली पायरी उपकारस्तुतीची आहे. पापांची मोजदाद नंतर येते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण स्वतःला सतत तपासणारे मन आजारी पडू शकते. मठात असताना मार्टिन लूथर पापकबुलीत तासन्‌तास घालवत आणि तरी त्यांना शांती मिळत नसे. देवाच्या देण्यापासून सुरुवात करणारा मात्र आपल्या चुका निर्भयपणे पाहू शकतो. कृपेनेच तारण आहे, मग ही खटपट कशाला, या आक्षेपाचे उत्तरही मला इथेच दिसते. ही जागृती कृपा मिळवण्याची किंमत नाही. मिळालेली कृपा दिवसभरात कुठे भेटली आणि कुठे आपण तिला पाठ दाखवली, हे ओळखणे आहे. याला वेळ कुठला, असे कोणी विचारले तर सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्स यांची आठवण करून द्यावीशी वाटते. भांड्यांच्या खडखडाटातही ते प्रार्थनेच्या वेळेइतकेच देवाच्या सहवासात असत.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की हे सारे अंतर्मुख होणे स्वार्थी आहे. जग जळत असताना भक्त आपल्याच मनात डोकावत बसतो. पण दहा कुमारींचा दाखला ज्यात आहे तो मत्तयाचा पंचविसावा अध्यायच पुढे न्यायाच्या दृश्यावर जातो. तिथे भुकेल्याला खाऊ घालणारे आणि न घालणारे, दोघेही राजाला एकच प्रश्न विचारतात: आम्ही तुला कधी पाहिले? नीतिमानांनीही ख्रिस्ताला ओळखले नव्हते. समोर भूक दिसली आणि त्यांनी अन्न दिले, इतकेच. आत भरलेले तेल बाहेर असे जळते, आणि महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात ते दिसते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८८९ पासून शारदा सदनात त्या विधवांना शिकवू लागल्या. वर्षानुवर्षे चाललेले हे शांत काम हाताशी होते, म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांना मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवा आणता आल्या. त्या सर्वजणींना राहायला केडगावची जमीन होती. तिथल्या मुक्ती सदनात प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम आणि छपाई चालत असे, आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर छापण्याचे कामही तिथल्याच स्त्रियांच्या हातून झाले.