खेळ, श्रम आणि गुणपत्रिका

(मारेगाव येथील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कबड्डीच्या मैदानावरून ढोपरे फोडून घरी येणारा मुलगा कोणाकडे मजुरी मागत नाही. खेळात दमलेला माणूस स्वतःला राबलेला समजत नाही. या मनुष्यस्वभावाचा उपयोग लोककार्यासाठी करता येईल हे ज्यांनी ओळखले, त्यांची दृष्टी निश्चितच तीक्ष्ण होती.

पानी फाउंडेशनने २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षी ती ३० तालुक्यांत गेली. ऐन उन्हाळ्यातले ४५ दिवस, गावागावांची चुरस, श्रमदानाला गुण, यंत्रकामाला गुण, शोषखड्ड्यांना गुण. चर खोदणे हा खेळ झाला. चर मात्र खराच होता, आणि पावसाळ्यात त्यात मुरणारे पाणीही खरे. पहिल्या वर्षी साताऱ्याचे वेळू जिंकले. २०१७ साली पहिला क्रमांक आला तो वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या काकडदऱ्याचा. काकडदरा हे कोलामांचे गाव. मारेगाव तालुक्यातील पोडांवर या वार्तेचे मोल वेगळे सांगावयास नको. सरकारी कागदांनी ज्यांना ‘आदिम’ म्हणून बाजूस बसविले, त्यांनी भल्याभल्या गावांना मागे टाकले. पुढाऱ्यांच्या शेकडो भाषणांना जे साधले नव्हते, ते एका चषकाने साधले.

मग आक्षेप कशाला? आक्षेप खेळाला नाही, त्याच्या नियमांना आहे. कबड्डीत शिट्टी वाजली की डाव संपतो आणि सारे गडी पुन्हा सारखे होतात. येथे शिट्टी वाजल्यावरच खरा डाव सुरू होतो. चर जमीन नसलेलाही खोदतो. पाणी मात्र ज्याची विहीर त्याच्याच विहिरीत वाढते. अशाच खोदाईची मजुरी मागण्याचा हक्क १९७२ च्या दुष्काळातून पुढे आला आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने तो मान्य झाला. पण स्पर्धेच्या उत्साहात मजुरीची गोष्ट काढणारा खेळ बिघडविणारा ठरतो! उपाशी माणसाला खिलाडूवृत्ती शिकविण्याचा हा प्रकार होय.

१९३५ च्या ऑगस्टात स्ताखानोव्ह या सोव्हिएत खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी इतर कामगारांना नेमून दिलेली कामे वाढविण्यात आली. (काही डाव्या मित्रांना ही आठवण अजूनही रुचत नाही.) शहरांत दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणांपुढे कंपनीचा फोन ‘आणखी दोन फेऱ्या, मग बक्षीस’ असे आमिष ठेवतो, तो डावही त्याच जातीचा.

नियम वेगळे लिहिता येतात. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने नव्हे, कुटुंबातील माणसांच्या संख्येने ठरला. भूमिहीनालाही हक्क मिळाला; उसाला मात्र मज्जाव झाला. तेथे चषक नव्हता.

मारेगावच्या पोडांवर कोणी स्पर्धा घेऊन आले, तर कार्यकर्त्यांनी नकार देऊ नये. ढोल अवश्य वाजू द्यावा. फक्त पहिली कुदळ पडण्यापूर्वी ग्रामसभेच्या ठरावात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: भूमिहीनाच्या दिवसाची मजुरी कोठून येणार, आणि मुरलेल्या पाण्यात त्याचा वाटा किती. आयोजकांकडे गुणपत्रिका मागावी आणि या दोन बाबींना त्यात किती गुण ठेवले आहेत, हे सर्वांसमोर विचारावे.