फोटो मोठा करण्याआधी

मंडळी, घरातले वडीलधारे माणूस गेले की दशक्रियेच्या आत तसबीर हवी असते. शाळेतून गुरुजी निवृत्त होतात, त्यांचाही फोटो कचेरीत लावायचा असतो. कोणीतरी मोबाइल घेऊन तालुक्याच्या स्टुडिओत जातो. पडद्यावर चेहरा कसा लख्ख दिसतो! पण दोन फुटी चौकटीत तोच चेहरा धुरकट येतो. मग आपण म्हणतो, छापणाऱ्याने काम बिघडवले. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

वर्तमानपत्रातला एखादा फोटो भिंगाखाली धरून पाहा. तिथे चेहरा नाही, नुसते लहानमोठे ठिपके आहेत. आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी ते छायाचित्रण आणि छपाईचे ठसे करण्याच्या धंद्यात होते. त्या धंद्याचा कायदाच असा, की ठिपके बारीक आणि दाट तर चित्र स्वच्छ. जाड आणि विरळ तर चित्र भरड.

मोबाइलच्या फोटोतही ठिपकेच असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. त्यांची संख्या फोटो काढतानाच ठरते. आता शेतकऱ्याला हे सांगायला नको, की बी तेवढेच आणि रान चौपट, तर पेरणी विरळच होणार. फोटो मोठा छापला म्हणून ठिपके वाढत नाहीत. तेच ठिपके जास्त कागदावर पसरतात.

मग किती दाट पेरावे? हातात धरून पाहायच्या फोटोला एका इंचात ३०० ठिपके असावेत. भिंतीवरच्या तसबिरीला १५० चालतात, कारण ती आपण चार हातांवरून पाहतो. रस्त्यावरच्या फ्लेक्सला त्याहूनही कमी पुरतात.

हिशेब सोपा आहे. समजा, फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके आहेत. १५० ने भागा. सुमारे २६ इंच बाय २० इंचांची तसबीर छान होईल. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवला, की लवकर जावा म्हणून तो लहान केला जातो. समजा, त्याचे १६०० बाय १२०० ठिपके उरले. आता तसबीर साडेदहा इंच बाय ८ इंचांचीच नीट होईल. आणि लग्नाच्या घोळक्यातून आजोबांचा तेवढा चेहरा कापून घेतला, तर त्याच्या वाट्याला आडवे ३०० ठिपकेही मुश्किलीने येतात. ते १२ इंचांवर पसरले तर इंचाला २५ पडतात. तिथे छापणारा तरी काय करणार?

हल्ली संगणक कमी पडलेले ठिपके स्वतःच भरून देतो. पण तो ते अंदाजाने भरतो. चेहरा गुळगुळीत होतो, आणि घरातली माणसे म्हणतात, “हे आपले आबा वाटत नाहीत.”

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ज्या मोबाइलने फोटो काढला त्यातला मूळ फोटो जपा. जागा करायची म्हणून तो पुसण्याआधी दुसरीकडे उतरवून घ्या. दुसरी, फोटो पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग ठिपके कमी होत नाहीत. तिसरी, जुना कागदी फोटो मोठा करायचा असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, स्कॅन करून घ्या. दोन इंच बाय तीन इंचांचा फोटो इंचाला ६०० ठिपके घेऊन स्कॅन केला, तर १२०० बाय १८०० ठिपके मिळतात. तो चार इंच बाय सहा इंचांचा अगदी स्वच्छ छापता येतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, भागाकार शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडा. मुलांना सांगा, घरच्या मोबाइलमधल्या एका फोटोचे ठिपके पाहून या आणि तो किती इंच छापता येईल ते काढा. फोटोच्या माहितीत ते आकडे दिलेले असतात.

आणि एक सांगतो. घरात म्हातारी माणसे आहेत तोवरच त्यांना उजेडात बसवा, जवळ जा आणि एकट्याचा एक चांगला फोटो काढून ठेवा. घोळक्यातला चेहरा मागाहून कितीही ताणला, तरी जे ठिपके टिपलेच गेले नाहीत ते परत येत नाहीत.