एका दिवसाचें पिलूं



पावसाळा उघडूं लागला, म्हणजे आठवड्याच्या बाजारांत सायकलीला जाळीची पाटी बांधलेला एखादा विक्रेता हटकून दिसतो. पाटींत पिवळीं, गुलाबी, हिरवीं पिलें चिवचिवत असतात. भाव ऐकतांच आपला हात खिशाकडे जातो. त्या हाताला क्षणभर थांबवावें, एवढ्याचसाठीं आजचें हें भाषण आहे.

माझा स्वतःचा हात कांहीं वर्षांपूर्वीं थांबला नाहीं. अशाच एका पाटींतून मीं पन्नास पिलें घेतलीं. तीं कोठलीं, किती दिवसांचीं, कोणत्या जातीचीं, हें विचारलें नाहीं. विचारलें असतें तरी विकणाराला सांगतां आलें नसतें. कारण चार ठिकाणचा शिल्लक माल त्याच्या पाटींत एकत्र झाला होता. पांचव्या दिवशीं पिलें घरघर श्वास घेऊं लागलीं, कांहींच्या माना पिळवटल्या. नवव्या दिवशीं एकोणीस उरलीं. पशुवैद्यांनीं तपासून सांगितलें, ही मानमोडी.

एवढ्यावर संपतें, तर अविचाराचें प्रायश्चित्त म्हणून मीं तें मुकाट्यानें सोसलें असतें. परंतु आमच्या पाठच्या घरांत एक विधवा बाई राहत असत. त्यांच्या अकरा गावरान कोंबड्या आमच्याच परसांत चरावयास येत. पंधरवड्यांत त्यांतल्या नऊ गेल्या. त्यांच्या अंड्यांच्या पैशांवर मुलीच्या वह्यापुस्तकांचा खर्च चाले. बाई रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "भाऊ, तुमची पिलं होती तरी कुठली?" या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें.

या मानमोडीलाच राणीखेत म्हणतात. कुमाऊं प्रांतांतील त्या गांवीं १९२७ सालच्या सुमारास हा रोग आपल्या देशांत प्रथम ओळखला गेला, म्हणून हें नांव. रोग जडल्यावर त्यावर औषध नाहीं. लस मात्र आहे. रोगी पाखरांची विष्ठा, त्यांचीं भांडीं, त्यांच्या पाट्या, इतकेंच काय, आपलीं पादत्राणें, यांवरून तो घरोघर जातो. २००६ सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू देशांत प्रथमच आढळला, तेव्हां लाखों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पांखरांचा रोग एका खुराड्यापुरता राहत नाहीं, हा धडा महाराष्ट्रानें तेव्हां घेतला आहे.

रोगाची दुसरी वाट याहूनहि गुप्त आहे. पुलोरम नांवाची पांढरी हगवण आईकडून अंड्यांत आणि अंड्यांतून पिलांत उतरते. वरून धडधाकट दिसणारी कोंबडी हा रोग आपल्या संततीला देऊं शकते. म्हणजे पिलाचें आरोग्य तें फुटण्यापूर्वींच पुष्कळसें ठरलेलें असतें. तें पिलाच्या अंगावर लिहिलेलें नसतें. अंडीं घालणाऱ्या कोंबड्यांची रक्ततपासणी करून घेणाऱ्या उबवणी केंद्राच्या दप्तरांत तें सांपडतें. म्हणून पिलूं पाहण्याआधीं केंद्र पाहावें.

राज्याच्या पशुसंवर्धन खात्यानें पुणें, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रें स्थापिलीं आहेत. खाजगी केंद्रेंहि ठिकठिकाणीं आहेत. तेथें जाऊन चार प्रश्न न संकोचतां विचारावेत. अंडीं कोणत्या कळपाचीं आणि त्या कळपाची पुलोरमसाठीं तपासणी झाली आहे काय? पिलें कोणत्या दिवशीं फुटलीं? मॅरेक रोगाची लस दिली काय? (ही लस पहिल्याच दिवशीं, केंद्रांतच द्यावयाची असते, घरीं आणल्यावर ती वेळ गेलेली असते.) चौथा प्रश्न, नर व मादी निवडून दिलेलीं आहेत कीं मिश्र? अंड्यांच्या जातींतले नर अंडीं देत नाहींत आणि मांसहि फारसें धरीत नाहींत. म्हणून ते मातीमोलानें विकले जातात. बाजारांतल्या रंगीत पिलांच्या स्वस्ताईचें मर्म बहुधा हेंच असतें. ज्या केंद्राला या प्रश्नांचा कंटाळा येतो, तेथून रिकाम्या हातानें परतावें.

केंद्र शक्यतों जवळचें असावें, यालाहि कारण आहे. कोंबडीचें अंडें एकवीस दिवसांत उबतें. बाहेर येण्याच्या सुमारास पिलूं अंड्यांतला उरलेला बलक पोटांत ओढून घेतें. या शिदोरीवर तें दोन-तीन दिवस तग धरतें, म्हणूनच पिलांचा प्रवास शक्य होतो. परंतु प्रवासाचा प्रत्येक तास त्या शिदोरीतून खर्च होतो. सकाळीं निघून दुपारच्या आंत घरीं पोंचणारें पिलूं आणि दोन दिवस गाडींत हिंदकळलेलें पिलूं, यांची बरोबरी होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष निवड. पिसें कोरडीं व भुरभुरीत, डोळे गोल व पाणीदार, पाय तुकतुकीत असावेत. पिलूं उलटें करून बेंबी पाहावी. ती बुजलेली व कोरडी हवी. ओली, काळपट बेंबी म्हणजे आंत शिरलेला रोग. गुदद्वाराशीं घाण चिकटलेली नसावी. पाठीवर ठेवलेलें निरोगी पिलूं दोन-तीन क्षणांत उसळून उभें राहतें. आणि कान द्यावा: समाधानी पिलें हळू कुजबुजतात, थंडीनें अथवा भुकेनें गांजलेलीं एकसारखीं तीव्र ओरडतात. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, तसा पाटींत दडविलेला रोग आठवड्याच्या आंत दारीं उजाडतोच.

चांगलें पिलूं आणलें म्हणजे काम संपलें, असें मात्र नव्हे. आदल्या रात्रींच दिवा लावून जागा उबदार करून ठेवावी. पहिल्या आठवड्यांत पिलाच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट ऊब असावी, मग दर आठवड्यास पांच अंश कमी करीत जावें. आल्याबरोबर आधीं पाणी, मग भरडलेला मका. नवीं पिलें जुन्या कोंबड्यांपासून दूर ठेवावींत, आणि रोज आधीं पिलांचें करून मगच कोंबड्यांकडे जावें. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यांतच पशुवैद्यांच्या सल्ल्यानें द्यावी.

पुढच्या खेपेस मीं केंद्रांतून पिलें आणलीं, त्यांत पंचवीस जास्त घेतलीं आणि महिनाभर वाढवून पाठच्या घरीं नेऊन दिलीं. बाईंनीं पाटी उतरवून घेण्यापूर्वीं पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळीं मीं पावती काढून केंद्राचें नांव, फुटल्याची तारीख आणि लसींची नोंद त्यांना वाचून दाखविली. मग त्यांनीं पाटी घेतली.

आपल्या शेजाऱ्यानें तोच प्रश्न केला, तर वाचून दाखवावयास एक कागद आपणांजवळ असावा, एवढेंच मागणें आहे.