पऱ्हाटी, बुरशी आणि भाव
(नशिराबाद येथील बैठकीतील भाषण)



वेचणी संपली की पऱ्हाटी उपटायची, थोडी चुलीला ठेवायची, उरलेली बांधावर पेटवायची. उभी ठेवली तर बोंडअळीला आसरा, म्हणून ती काढावी लागतेच. या पऱ्हाटीतून मोटारीचे इंधन निघू शकते.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचे सुती तंबू कुजू लागले. कापूस खाणारी ती बुरशी शास्त्रज्ञांनी जपली. एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा अभ्यास केला. तिचे नाव ट्रायकोडर्मा रीझी. आपण बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो, त्याचीच ही भाऊबंद. बुरशीला तोंड नाही. ती अंगातून विकर, म्हणजे एन्झाइम, सोडते. विकराने सेल्युलोजची साखर होते, साखरेचे यीस्ट इथेनॉल करते.

रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. पऱ्हाटीत मात्र त्याला लिग्निनचे चिलखत असते. ते आधी वाफेने किंवा आम्लाने सैल करावे लागते. त्यानंतरही विकर भरपूर लागते, आणि विकर महाग. म्हणून जास्त कामसू बुरशीचा शोध चालू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहात पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम ही बुरशी आहे. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी तिच्या जनुकात बदल करून विकराचे उत्पादन वाढवले. ते काम २०१८ साली प्रसिद्ध झाले.

ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना उघडला. तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे. मांडलेला हिशेब असा : वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल. म्हणजे टनाला १५० लिटर.

आता आपला हिशेब. विकर स्वस्त झाले तर वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जाणार? पऱ्हाटी 'टाकाऊ' म्हणून फुकट मागतील. पण उपटणीला मजूर लागतो. काडी हलकी, ट्रक भरतो, वजन भरत नाही. भाडेच भाव खाऊन टाकते. तेव्हा कारखाना जवळ हवा, उपटणी, तुकडे आणि वाहतूक धरून वर भाव हवा, आणि तो लेखी हवा.

दोन गोष्टी मात्र विकायच्या नाहीत. ज्वारीचा कडबा बैलांचा आहे. आणि थोडी पऱ्हाटी बारीक करून रानातच गाडा. कोरडवाहू जमिनीलाही खायला लागते.

शास्त्रज्ञांनी बुरशी जरूर शोधावी. भाव मात्र आपल्यालाच मागावा लागेल. आधी करार, मग मोळी!