चावायला शिकवाल, सोडायला कोण शिकवणार?

(इस्लापूर येथील बैठकीतील भाषण)



किनवटच्या जंगलाला लागून आपली शेतं. रानडुकरं रात्रीतून ज्वारी-मका लोळवतात. जागलीला कुत्रं हवंच, यात वाद नाही. पण हाताला बारदान गुंडाळून आपल्याच कुत्र्याला चावा घ्यायला शिकवायचं, हे आम्हाला पटत नाही.

पोलिसांच्या कुत्र्यालाही पकडायला शिकवतात. पण त्याचा सांभाळणारा ठरलेला असतो आणि हुकूम होताच पकड सोडणं त्याच्याकडून पक्कं करून घेतात. नुसतं चावायला शिकलेलं कुत्रं चोर-साव ओळखत नाही. वीज रात्रीची, म्हणून अंधारात पाणी द्यायला निघतो तो आपला सालगडी, नाही तर शेजारचं लेकरू. दात त्यांनाच लागतात.

कायदाही मालकालाच धरतो. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, पाळलेल्या जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रानडुकरावर कुत्री घातली तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो.

म्हणून कुत्र्याला भुंकायला, हाकेला यायला, 'थांब' म्हणताच थांबायला शिकवा. रेबीजची लस दरवर्षी टोचा. कुणाला चावलंच, तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा, हळद-चुना न लावता दवाखाना गाठा.

पिकाची राखण कुत्र्याच्या दातावर सोपवून सरकारला मोकळं करू नका. नुकसानीची पूर्ण भरपाई आणि दिवसा वीज, ही आपली मागणी आहे. ती पदरात पडेपर्यंत रात्री रानात आपलीच माणसं असतात, एवढं ध्यानात ठेवा.