घरातले नाव घरात



कोलकात्यातल्या बंगाली घरांत मुलाला बहुधा दोन नावे असतात. एक ‘डाकनाम’, म्हणजे घरच्यांनी हाक मारण्याचे. दुसरे ‘भालोनाम’, शाळेच्या पटावर लिहिण्याचे. ‘खोका’ म्हटले की घरात कोण ते तत्काळ कळते; पण टपालकचेरीत जाऊन ‘आमचा खोका कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यास काय उत्तर मिळावे? घरातल्या संगणकांच्या नावांचा घोटाळा नेमका असाच होतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडावा, क्रमांक फिरवावा, थोडी किरकिर ऐकावी, मग जगाचे दार उघडावे, असा तो काळ होता. पुढे काही घरांत दोन-तीन संगणक आले. ते तारेने एकमेकांस जोडले गेले आणि त्यांतल्या एकाकडे बाहेर जाण्याचे काम आले.

भवानीपुरातल्या अशा एका घराची कल्पना करू. संगणक एकमेकांना क्रमांकाने ओळखतात, एकाचा १९२.१६८.१.१, दुसऱ्याचा १९२.१६८.१.२. माणसाच्या ध्यानात क्रमांक राहत नाहीत, म्हणून आपण त्यांना ‘गंगा’ आणि ‘गोदा’ म्हणतो. आता गोदेला गंगेकडचा एक कागद हवा आहे. पण गंगा कोण, हे घरात कुठेच लिहिलेले नाही. मग हा प्रश्न बाहेरच्या नामसेवकाकडे निघतो. दाराशी बसलेला संगणक गरज ओळखून आपणहून टेलिफोन फिरवतो. उत्तर येते, ‘असे कोणी नाही.’ कागद मिळत नाही, बिल मात्र चढते. आणि तेवढा वेळ गावाकडून येणारा आजारपणाचा निरोपही घरात पोहोचत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक संगणकात ‘होस्ट्स’ नावाची एक लहानशी वही असते. प्रत्येक यंत्राला कायमचा क्रमांक द्यावा आणि क्रमांक व नाव तीत ओळीने लिहावे. यंत्राचे स्वतःचे नावही विसरू नये, कारण काही कामे सुरू होतानाच ते विचारले जाते. मग क्रम ठरवून द्यावा: आधी वही पाहायची, तीत नसेल तरच बाहेर विचारायचे.

ही वही क्षुद्र समजू नये. एके काळी सबंध जाळ्याची अशीच एक यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली राखली जाई. यंत्रे वाढली, यादी पुरेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नामसेवकांची विभागलेली व्यवस्था आखली. घरातही यंत्रे वाढली की वह्यांचा मेळ राहत नाही. अशा वेळी घरचाच एक नामसेवक नेमावा. घराला आडनाव देताना मात्र दुसऱ्याचे उसने घेऊ नये. २०१८ पासून ‘होम.आर्पा’ हे आडनाव घरगुती जाळ्यांसाठीच राखून ठेवलेले आहे.

आज मोडेमची ती किरकिर बहुतेक घरांतून गेली. बाहेर जाण्याचे वेगळे बिल येत नाही, म्हणून चूकही ध्यानात येत नाही. पण घरातल्या यंत्रांची नावे तशीच बाहेर विचारली जातात आणि परक्यांच्या कानी पडतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारायची, तर त्यासाठी सारा गाव कशाला जागा करायचा?